दाखल्यावर न मावणारे मूल
(प्रस्तावना)

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेचा, शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन बघा. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आधी अंकात मग अक्षरांत, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, आणि खाली दोन अरुंद रकाने: अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. बहुतेक दाखल्यांवर या दोन्ही रकान्यांत एकच शब्द असतो, 'चांगली'. पाचवीतल्या ज्या मुलीने सातवीच्या पुस्तकातली समीकरणे स्वतःची स्वतः सोडवलीत तिची प्रगती 'चांगली', आणि जिला हातच्याची वजाबाकी अजून अडते तिचीही 'चांगली'. लिहिणाऱ्या लिपिकाची यात काही चूक नाही. दोन बोटे रुंदीच्या रकान्यात याहून जास्त मावत नाही.

त्या एका शब्दाने मला हुशार मुलांच्या शिक्षणाच्या या विषयात आणले. मी अध्यापक विद्यालयात शिकवत होते. बालमानसशास्त्राचा पेपर माझ्याकडे होता, पण बुद्धिमान मुलांवरचे प्रकरण मी दरवर्षी शेवटच्या आठवड्यात उरकत असे. मग घरच्या कारणाने आम्ही पुण्याहून इकडे, पवनारला आलो. मुलगी सहावीत होती. तिच्या जुन्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस काही मुलांना वेगळे काम मिळायचे. नेहमीचा धडा त्यांना लवकर समजला की कोडी, प्रयोग, एखादा छोटा प्रकल्प. नव्या शाळेत आम्ही ऑगस्टमध्ये पोचलो. 'अ तुकडी भरली आहे, ड मध्ये बसवतो, घटक चाचणीनंतर बघू,' असे सांगण्यात आले. मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तिची प्रमाणपत्रे नेली होती, ती टेबलावर तशीच राहिली. घटक चाचणीत तिला बेताचे गुण पडले. प्रश्न सोपे होते आणि तिने ते घाईघाईने, अर्धवट सोडवले होते. दिवाळीपर्यंत तिने वर्गात हात वर करणे सोडले. घरी आल्यावर ती म्हणाली, 'उत्तर येत असलं तरी सांगायचं नसतं इथे.' वीस वर्षे मुलांना शिकवायला शिकवणारी मी, त्या वाक्यापुढे माझ्याकडे काही नव्हते.

त्यानंतर वाचायला बसले, ते अजून वाचते आहे. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. आई-वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, केंद्रप्रमुख, डी.एल.एड.ची मुले, कोणीही या. इथे यायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. एखादे मूल आज वर्गात बसून काय करत होते, हे नीट बघण्याची तयारी असली की पुरते.

सुरुवातीलाच शब्दाशी गाठ पडते. आपल्याकडे 'हुशार' हा शब्द फारसीतून आला. मुळात त्याचा अर्थ सावध, भानावर असलेला. मराठीत येताना तो गुणपत्रिकेकडे सरकला. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'पोट्टं हुशार हाय' म्हणताना अजूनही त्यात चटकन कळण्याची, बाजारात न फसण्याची छटा असते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेच्या परिसरात 'प्रज्ञावंत' आणि 'बुद्धिमान' हे शब्द रुळले. मला यातला कुठलाच शब्द कायमचा चिकटवायला आवडत नाही. मूल म्हणजे बरणी नव्हे. शब्दाचा उपयोग एवढाच, की वर्गातल्या इतरांना पुरणारा धडा या मुलाला पुरत नाही, हे एका शाळेने दुसऱ्या शाळेला सांगता यावे.

मापनाचा इतिहासही हेच शिकवतो. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासोबत पहिली चाचणी केली ती वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. लुईस टर्मन यांनी ती 1916 मध्ये अमेरिकेत नव्याने बांधली आणि 1921 पासून कॅलिफोर्नियातल्या दीड हजारांवर बुद्धिमान मुलांचा आयुष्यभर मागोवा घ्यायचे ठरवले. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांची चाचणी झाली होती आणि दोघेही गाळले गेले. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. नव्या शाळेतल्या एका चाचणीवरून 'नाही बसत' असे उत्तर मिळालेल्या प्रत्येक आईबापाला मी ही हकीकत सांगते. चाचणी निकामी असते असे मला म्हणायचे नाही. एका सकाळची चाचणी ही एका सकाळचीच असते, एवढे लक्षात ठेवायचे.

आपल्या भाषेत हे काम उशिरा आले असेही नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचे मराठी आणि कानडी रूप तयार केले आणि 1940 मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर ग्रंथ लिहिला. परदेशी प्रश्न शब्दशः उतरवून चालत नाही, मुलाच्या घरातली भाषा आणि वस्तू चाचणीत याव्या लागतात, ही जाण त्या कामामागे आहे. शाळा बदलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तिला आजही तेवढेच मोल आहे. वर्ध्याकडचे मूल पुण्यात गेले आणि त्याने 'मले समजलं' म्हटले की काही कानांना त्याची समजही कमी ऐकू येते. उलट दिशेने, माझ्या मुलीची पुस्तकी मराठी इथल्या मुलांना आगाऊपणाची वाटली. बोलीवरून डोके मोजण्याची ही सवय अनेक चाचण्यांपेक्षा जास्त नुकसान करते.

मग संस्था उभ्या राहिल्या. 1962 मध्ये अप्पासाहेब पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि 1969 मध्ये बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला निघाली. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या मांडणीवर तिथे मराठीत चाचण्या बांधल्या गेल्या. शासनाने ग्रामीण भागातल्या गुणी मुलांसाठी विद्यानिकेतने काढली. त्यांतली अमरावती आणि केळापूर ही विदर्भातली. 1985-86 मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये उघडली ती हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. वर्धा जिल्ह्याचे नवोदय सेलुकाटे इथे आहे.

नवोदयाच्या नियमांपाशी थांबायला हवे, कारण शाळा बदलण्याचा आणि अशा जागेचा संबंध इतका उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना परीक्षा द्यायची, आणि ती आयुष्यात एकदाच. ज्या जिल्ह्यात पाचवी शिकत असाल त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. आता 'ग्रामीण' कोण? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असले तरी मूल शहरी धरले जाते.

हे पवनारच्या संदर्भात वाचा. वर्धा शहर इथून हाकेच्या अंतरावर आहे. मूल चांगले शिकते आहे असे दिसले की बाप पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चौथीत त्याचे नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेतून काढून वर्ध्याच्या शाळेत घालतो. ऑटो लावतो, फी भरतो, पोटाला चिमटा घेतो. आणि ज्या दिवशी दाखला निघतो त्या दिवशी मुलाची ग्रामीण जागेवरची पात्रता संपते. मुलाच्या भल्यासाठीच उचललेले पाऊल, आणि त्यानेच दार लोटले जाते. हा नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शहरात शिकून गावाच्या नावावर जागा घेणाऱ्यांना तो अडवतो, आणि अडवायलाच हवे. पण दाखला देताना हे त्या बापाला कोणीतरी सांगायला हवे ना? मुलाची बाजू मांडण्याचे काम बरेचदा अशा एका वाक्यापासून सुरू होते आणि ते दाखला निघायच्या आधी बोलावे लागते.

नवोदयाचे नियम निदान छापलेले असतात. त्याहून अवघड आहेत त्या जागा ज्यांना कोणी 'विशेष' म्हणत नाही. महाराष्ट्रातली सर्वांत जुनी हुशार मुलांची व्यवस्था म्हणजे 'अ' तुकडी. मग सेमी इंग्रजीचा वर्ग. मग शिष्यवृत्तीचा जादा तास, ज्यासाठी जूनमध्येच मुले निवडली जातात. मग ऑलिम्पियाड, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, नाट्यस्पर्धेचा चमू. कोणाला चांगला गणिताचा शिक्षक मिळणार आणि कोणाला मागच्या बाकावर वर्ष काढावे लागणार, हे इथेच ठरते. मध्येच आलेल्या मुलाला या प्रत्येक ठिकाणी 'भरले आहे' असेच ऐकावे लागते. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. यादी जूनमध्ये झाली आणि मूल ऑगस्टमध्ये आले. या क्षेत्रातले माझे अर्धे काम या दोन महिन्यांच्या फटीत गेले आहे.

कायदा इथे काय म्हणतो तेही माहीत हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या अधिनियमाच्या, कलम 5 नुसार मुलाला कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मात्र केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिक शाळा अशा विनिर्दिष्ट प्रवर्गातल्या आणि विनाअनुदानित शाळा या बदलीच्या हक्कातून वगळल्या आहेत. त्यामुळे शाळा बदलण्याचा हक्क आहे, पण जुन्या शाळेत मिळालेल्या वेगळ्या वागणुकीचा हक्क सोबत येत नाही. तरी एक धागा हाती लागतो. अभ्यासक्रम कसा असावा हे सांगणाऱ्या कलम 29 मध्ये मुलाचे ज्ञान, क्षमता आणि प्रतिभा यांची वाढ हा हेतू स्पष्ट लिहिला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभा असलेल्या मुलांवर वेगळे परिच्छेद आहेत. शाळेशी बोलताना कलमे तोंडावर फेकायची नसतात, पण आपण मागतो आहोत ती मेहेरबानी नव्हे, एवढी खात्री मनात असली की आवाज शांत राहतो.

याच प्रश्नावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला विचार मात्र दूरच्या देशातून मिळाला. अमेरिकेत सैन्यातल्या लोकांच्या सतत बदल्या होतात आणि मुलांच्या शाळा बदलतात. 2008 पासून तिथल्या राज्यांनी एक करार स्वीकारत नेला आणि आता सर्व 50 राज्ये त्यात आहेत. त्यात असे आहे की मूल जुन्या शाळेत बुद्धिमान मुलांच्या वर्गात असेल आणि नव्या शाळेत तसा वर्ग असेल, तर नव्या शाळेने आधी त्याला तिथे बसवायचे. मग हवे तर स्वतःची तपासणी करायची आणि जागा योग्य नसेल तर बदलायची. आधी मान्यता, नंतर तपासणी. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे आणि तपासणी होईपर्यंत निम्मे वर्ष जाते. आमच्याच जिल्ह्यात पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, तिथे बदलीची कुटुंबे येतात-जातात. त्यांच्यासाठी केंद्रीय विद्यालयांची साखळी आहे, म्हणून त्या मुलांचे नाव तरी धड पुढे सरकते. शेतमजुरीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्ड काढले, मूल जाईल तिथे त्याला वर्गात घ्यावे म्हणून. ही कल्पना मला मनापासून आवडते. त्या कार्डावर एक ओळ वाढवता आली तर? 'हे मूल सध्या काय शिकण्याच्या टप्प्यावर आहे.' मागे पडलेल्यालाही तिचा फायदा, पुढे गेलेल्यालाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप, आणि पवनारमध्ये राहून तो टाळता येत नाही. हुशार मुलांसाठी वेगळे काही मागणे हे समतेच्या विरुद्ध नाही का? धाम नदीच्या काठावर इथे 7 मार्च 1938 रोजी विनोबा भावे राहायला आले. हे तेच विनोबा, ज्यांनी तरुणपणी बडोद्याच्या घरात चुलीजवळ बसून स्वतःची प्रमाणपत्रे जाळली होती आणि 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघून सुरतेला गाडी सोडून काशीची वाट धरली होती. त्यांच्या गावात मी मुलीची प्रमाणपत्रे फोल्डरमध्ये घालून शाळेत गेले होते, याची मला नंतर फार खंत वाटली. ती प्रमाणपत्रे खोटी नव्हती. पण मी गुण मांडायला गेले होते, आणि मांडायला हवी होती ती भूक.

आणि वर्धा तर नई तालीमची जन्मभूमी. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला इथल्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. मी त्या विचाराकडे पुन्हा पुन्हा जाते, कारण कताईच्या वर्गात हा आक्षेप वेगळा दिसतो. टकळीवर प्रत्येक मूल आपल्या हाताने, आपल्या वेगाने सूत काढते. कोणाचे जाड, कोणाचे बारीक अंकाचे. एकाची गुंडी आधी भरली म्हणून 'आता सगळ्यांचे होईपर्यंत हात बांधून बस' असे त्याला कोणी म्हणत नाही. त्याच्या हाती बारीक सुताचा पेळू येतो, किंवा ते शेजारच्याला धागा जोडायला शिकवते. गणिताच्या तासाला मात्र आपण हात बांधून बसायलाच सांगतो. समता म्हणजे सगळ्यांच्या हाती सारखाच पेळू देणे नसते, हे या भूमीला वेगळे समजावावे लागू नये. माझ्या मते वेगळ्या इमारतीपेक्षा, वेगळ्या तुकडीपेक्षाही, त्याच वर्गात वेगळे काम देणे जास्त चांगले. जिथे शिक्षकाला साठ मुले सांभाळावी लागतात तिथे ते शक्य नसते, हेही मला मान्य आहे, आणि म्हणून तुकडीसाठी, जादा तासासाठी भांडावे लागते.

कोल्हापूरकडच्या जे. पी. नाईकांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तिघांच्या हुलकावणी देणाऱ्या त्रिकोणावर 1975 मध्ये पुस्तक लिहिले. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. हुशार मुलांच्या शिक्षणाचा विद्यार्थी तो त्रिकोण कधी विसरू शकत नाही. कारण बाजू कोणाची मांडली जाते? ज्याची आई बोलू शकते त्याची. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड जिल्ह्यात पूर्वी पालक आणि शिक्षक नाव सुचवतील त्याच मुलांची चाचणी व्हायची. मग सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी सुरू केली, आणि काळ्या, हिस्पॅनिक, गरीब घरांतली कितीतरी मुले अचानक 'सापडली'. पैशांअभावी ती चाळणी बंद पडली तेव्हा आकडे पुन्हा खाली आले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये हे मांडले. ते वाचल्यावर मी स्वतःच्या मुलीपुरते बोलणे थांबवले. शाळेत गेले की मी विचारते, यंदा मध्येच आलेली अजून किती मुले आहेत? त्या सगळ्यांना एकदा बघाल का?

कसे बोलावे याविषयी थोडेसे. आधी वर्गशिक्षकांना भेटा, थेट हेडसरांकडे जाऊ नका. प्रमाणपत्रे घरी ठेवा आणि वही न्या, ज्या वहीत मुलाने कोणी न सांगता काही केले आहे ती. 'माझी मुलगी हुशार आहे' या वाक्याने दार बंद होते, 'तिला हे येतं, तर उद्यापासून हिला काय देता येईल?' या प्रश्नाने शिक्षक विचार करू लागतात. जुन्या शाळेच्या शिक्षकांकडून अर्धे पान लिहून घ्या: कुठला धडा झाला, कुठे अडते, काय दिले की ती तासभर मान वर करत नाही. सहा आठवड्यांची मुदत मागा, कायमची जागा मागू नका. बोलणे झाले की दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या, वर्षभरात बदली होऊन शिक्षकही जातात. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्या बैठकीला जा. आणि मुलाला विचारा. ते पहिल्यांदा विचारायला हवे होते, मी शेवटी विचारले. तिला अ तुकडी नको होती, तिथे तिची मैत्रीण नव्हती. तिला कठीण गणिते हवी होती. ड तुकडीच्याच गणिताच्या सरांनी ती वही चाळली आणि दर शनिवारी तिच्यासाठी एक पान गणिते आणायला सुरुवात केली. महिन्याभरात त्या पानाच्या सहा झेरॉक्स लागू लागल्या.

या क्षेत्रात करायचे काम पुष्कळ उरले आहे, आणि त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. जाड, कापडी पाठीचे, मुख्याध्यापकांच्या कपाटात जपून ठेवलेले. त्यात प्रवेशाचा दिनांक असतो आणि पूर्वीच्या शाळेचे नाव असते. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. जूननंतर आलेली मुले वेगळी काढा, हजेरीपटावरून त्यांची तुकडी बघा, आणि शिष्यवृत्तीच्या, सेमीच्या यादीत त्यांतली किती आहेत ते मोजा. नावे लिहू नका, फक्त संख्या लिहा. एका शाळेची पाच वर्षे मोजायला दोन दुपारी लागतात. माझ्या विद्यार्थ्यांना पहिले काम मी हेच देते, आणि तुम्हालाही इथूनच सुरुवात करायला सांगेन.

पवनार, जि. वर्धा